कारकुनाची हरकत

ओबेद क्रेन दुकानात शिरला तेव्हा जोथम पाइकच्या ओठांत डुकराचा राठ केस धरलेला होता. मेण लावलेल्या दोऱ्याच्या टोकाला तो केस वळून बसवायचा, म्हणजे आरीनं पाडलेल्या भोकातून दोरा सुईसारखा सरळ जातो. हे काम चालू असताना बोलता येत नाही. ओबेदला त्याचं काही नव्हतं, त्याला एकट्यालाच बोलायची सवय. ओढ्यावर त्याची लाकूड कापायची गिरणी होती. दिवसभर करवतीच्या आवाजावर ओरडायचं, मग समोर चार हातांवर माणूस असला तरी सूर तोच.

"बूट घेऊन नाही आलो!" तो ओरडला. "आज कारकुनाकडे काम आहे!"

"मग पाय बाहेर झाड," केस काढून जोथम म्हणाला.

"झाडून काय होतंय? डोंगरावरचा निम्मा रस्ता माझ्याबरोबर खाली आलाय."

मार्च सरत आला होता. न्यू हॅम्पशरच्या डोंगरात त्या दिवसांत रस्ता म्हणून काही उरत नाही. वरचं बर्फ वितळतं, खालची जमीन गोठलेलीच असते, आणि मधल्या मध्ये गुडघाभर चिखल. हेरिक गावात माणसं त्या महिन्यात एकमेकांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत बोलतात.

जोथमनं मांडीवरचा बूट खाली ठेवला. चामड्याचा एप्रन काढून खुंटीला लावला, हात धुतले. एप्रन अंगावर असला की तो मोची आणि उतरला की गावचा कारकून, हा त्याचा दोन वर्षांचा नेम. गाव त्याला हसत असे. बूट लवकर हवा असेल तर आधी दुकानातला कारकून बाहेर घालवा, असं म्हणत. पण नेम तो नेम. वरच्या फळीवर गावातल्या झाडून सगळ्या पायांची लाकडी कलबुतं, म्हणजे बुटांचे साचे, ओळीनं मांडलेली होती. त्यांच्या शेवटी गावची वही उभी असे. जन्म, मृत्यू, लग्नं, आणि कुणाच्या मेंढीच्या कानाला कसली खाच, हे सगळं तिच्यात.

"बोल."

"लग्नाचा इरादा नोंदवायचाय."

"कुणाचा?"

"माझा! तुझा नोंदवायला मी कशाला येऊ?" ओबेद स्वतःच्याच विनोदावर हसला.

जोथमनं टाक बुडवला. त्याचं अक्षर सगळ्या तालुक्यात नाव घेण्यासारखं होतं. 'ओबेद क्रेन, विधुर, राहणार याच गावी,' असं त्यानं घोटून लिहिलं आणि वर न बघता विचारलं, "वधू?"

"लोविना टटल."

टाक जागच्या जागी थांबला. कागदावर एक थेंब पडला, पसरला.

"काय रे?"

"शाई गोठलीय."

"शेगडीपाशी ठेवलेली शाई गोठली?"

जोथमनं टिपकागद उचलला. डाग टिपला, कडेनं नाव लिहिलं. लोविना टटल, विधवा, राहणार याच गावी. मग कायद्याप्रमाणे सांगायचं ते सांगितलं. तीन रविवार सभाघरात पुकारा होईल. कुणाची हरकत नसली तर तिसऱ्या पुकाऱ्यानंतर दाखला मिळेल, तो पाद्रीबुवांना द्यायचा.

"हरकत कोण घेतंय!" ओबेद दारातून म्हणाला. "दोन हिवाळे तिच्या अंगणात सरपण टाकतोय मी. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. जोथमला नव्हतं.

आतलं दार करकरलं आणि त्याची थोरली बहीण केझिया हातातली पिठाची परात तशीच घेऊन बाहेर आली. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. तिनं केलं नाही ते कुणी पसंत पडलं नाही म्हणून, आणि यानं का केलं नाही हे ती गेली दोन वर्षं रोज त्याला ऐकवत होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "त्याचा आवाज काय, पुढच्या गावानंही ऐकलं असेल."

"हं."

"हं काय मेल्या? किती वेळा सांगितलं, एकदा वर जाऊन ये, एकदा वर जाऊन ये. तर म्हणे कारकुनी जरा मुरू दे. मुरली ना? आता वरात निघाली. आण तुझं घोडं मागून."

जोथमनं एप्रन चढवला आणि बूट पुन्हा मांडीवर घेतला. त्या दिवशी त्यानं आरी दोनदा स्वतःच्या अंगठ्यात घातली.

बावीस वर्षं तो फेरीवर जात असे. ऑक्टोबर लागला की हत्यारं पाठीला बांधायची आणि घरोघर जायचं. शेतकऱ्याच्याच गाईचं चामडं, त्याच्याच घरी मुक्काम, त्याच्याच ताटात जेवण. सगळ्या घरादाराच्या पायात वर्षाचे बूट घालायचे आणि पुढचं घर गाठायचं. अकरा आठवडे असे जात. टटलांचं घर डोंगरावर शेवटचं. लोविनाचा नवरा झाड अंगावर पडून गेला, तेव्हापासून त्या घरात ती आणि तिचा ठार बहिरा सासरा, दोघंच. दोन जोड बूट आणि घोड्याचा थोडा साज, म्हणजे तीन दिवसांचं काम. जोथमला ते करायला आठ दिवस पुरत नसत.

दक्षिणेच्या खिडकीशी ती त्याचा बाक मांडून ठेवी. तो चामडं कुटी, ती सफरचंदं सोली. बोलणं नेहमीचंच, कुणाचं बर्फ किती, कुणाची गाय कधी विणार. तिच्या डाव्या पायावर कधीतरी गाईनं पाय दिला होता आणि करंगळीचं हाड बाहेर आलं होतं. तेवढ्या जागी कलबुतावर चामड्याचा तुकडा चिकटवून, घासून, पुन्हा चिकटवून त्यानं तिच्या पायाचा असा बूट काढला होता की ती म्हणे, घातलाय हेच मला कळत नाही. त्या पायाइतकं त्याला जगातलं दुसरं काहीच नीट माहीत नव्हतं. वर्षाचे बावन्न आठवडे, त्यातला हा एक. बाकीचे एक्कावन्न तो त्याच्या आशेवर काढी.

शेवटच्या फेरीत तो पाठीला हत्यारं बांधत होता तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "अकरा आठवडे दुसऱ्यांच्या उंबऱ्यात बसणाऱ्या माणसाशी कोण बाई संसार करणार?"

"खरं आहे," जोथम म्हणाला आणि डोंगर उतरला.

उतरताना त्यानं तेच वाक्य घोळवलं. मार्चमध्ये गावसभा भरली; कारकून दरवर्षी तिथंच निवडत. जुना कारकून हिवाळ्यातच वारला होता. जन्मात कधी सभेत तोंड न उघडलेला जोथम उभा राहिला आणि म्हणाला, अक्षर माझं चांगलं आहे, मला करा. लोक चकित झाले आणि त्यांनी केलं. कारकुनानं गाव सोडायचं नसतं. कोण कधी जन्मेल, मरेल, सांगता येत नाही. फेरी आपोआप सुटली. ती म्हणाली तसा घरात बसणारा माणूस तो झाला. पण ज्या बाईसाठी फेरी सोडली, तिच्या घरी जायचं निमित्तच फेरी होती. हे त्याच्या डोक्यात शिरायला एक अख्खा हिवाळा जावा लागला. मग त्यानं ठरवलं, एकदा काय, कुणीही निवडून येतं. दुसऱ्यांदा आलो की जाऊ. दुसऱ्यांदा आला. तेव्हा वाटलं, आता बर्फ उतरू दे. गेल्या ऑक्टोबरात तिचा बूट तळ घालायला आला तो ओबेदच्या हातून. "मी जातोच आहे ना रोज तिकडे," ओबेद म्हणाला होता. तरी याच्या डोक्यात उजेड पडला नाही. त्यानं बारीक टाके घातले, टाचेला मेण चोळून चकाकी आणली आणि बूट ओबेदच्याच हाती परत दिला.

रविवारी सभाघर भरलं होतं. ओल्या लोकरीचा आणि घोड्यांचा वास कोंडला होता. प्रवचनाआधी कारकुनानं उभं राहायचं. जोथम उभा राहिला. कागद समोर धरला होता, नावं बिनचूक लिहिलेली होती, आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "सर्वांस कळवण्यात येतं की, या गावचा रहिवासी जोथम पाइक आणि या गावची रहिवासी लोविना टटल यांचा विवाहाचा इरादा आहे. कुणाची हरकत असल्यास—"

तिथं त्याच्या कानांनी ते ऐकलं.

दोन वर्षं हे वाक्य तो लाकडं फोडताना, चामडं भिजत घालताना, विहिरीवरून येताना मनात म्हणत आला होता. जिभेला एवढाच रस्ता माहीत, तिचा तरी काय दोष. आधी कुणीच हललं नाही. मग वरच्या सज्ज्यात कुणीतरी फुस्सकन हसलं, आणि ओबेद क्रेन बाकावरून अर्धा उठून ओरडला, "अरे, नवरा मी आहे! मी!" त्यावर सगळं सभाघर फुटलं. पाद्रीबुवांनी रुमालात तोंड घातलं. म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. जोथमनं दुरुस्त करून पुन्हा वाचलं, पण ते कुणी ऐकलं नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. तिसऱ्या बाकावर लोविना तेवढी हसली नव्हती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

चुकीचा पुकारा धरायचा नसतो. रविवार फुकट गेला, पुन्हा पहिल्यापासून तीन पुकारे करणं आलं. ओबेदला दारातच सांगितलं. त्यानं पाठीवर अशी थाप मारली की जोथमची टोपी पुढे आली. "वाढू दे एक रविवार! गिरणी कुठं पळून जातेय!" पण वधूलाही कळवायला हवं होतं, आणि ती तोवर निघून गेली होती. मेपलच्या झाडांचा रस सुरू झाला होता; तो आटवून पाक करायचा. रस आला की भट्टी सोडून राहता येत नाही.

दोन दिवस त्यानं जायचं टाळलं. तेवढ्यात गावानं हौस भागवून घेतली. लोहाराच्या बायकोनं रस्त्यावरून विचारलं, "कारकूनसाहेब, माझंही नाव जरा एखाद्या बऱ्या माणसाशी लावून द्या की!" एकजण मेंढीच्या कानाची खूण नोंदवायला आला आणि म्हणाला, "नीट बघून लिही बाबा, नाहीतर मेंढी तुझ्याच नावावर व्हायची." केझियानं मात्र एवढंच म्हटलं, "दोन वर्षांत एकदा खरं बोललास, तेही चुकून."

बुधवारी सकाळी तो निघाला. एप्रन काढून, कॉलर लावून. अर्ध्या वाटेत कॉलरपर्यंत चिखल आला होता.

लोविनाची भट्टी झाडांच्या मधोमध एका छपरात होती. दारातून वाफ लोटत होती. आत ती बाह्या सारून मोठ्या काहिलीपुढे उभी. हातात लांब दांड्याचा झारा, कपाळाला केस चिकटलेले, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने-नवे डाग. छपराच्या आढ्याला दोरीनं चरबीचा तुकडा टांगला होता. रस उतू जायला बघे, फेस चरबीला लागला की खाली बसे.

"कशाला आलास?" ती म्हणाली.

"कळवायला. रविवारचा पुकारा धरता येत नाही. अजून तीन होतील."

"कळलं. ओबेदनं सांगितलं." तिनं फेस काढून बादलीत झटकला. "आता आलाच आहेस तर लाकूड घाल."

त्यानं लाकूड घातलं. ओबेदचं लाकूड, एकसारखं कापलेलं, वाळलेलं. भट्टीच्या भिंतीशी छपरापर्यंत रचून ठेवलं होतं. बराच वेळ दोघंही काम करत राहिले.

"मी म्हणाले होते," लोविना काहिलीतच बघत म्हणाली, "अकरा आठवडे दुसऱ्यांच्या उंबऱ्यात बसणाऱ्या माणसाशी कोण संसार करणार."

"म्हणाली होतीस. म्हणून तर मी कारकून झालो."

झारा थांबला. "म्हणून झालास?"

"हो."

"अरे देवा." ती खाली लाकडावर बसली. रस उतू जाऊन चरबीला लागला, तरी तिचं लक्ष नव्हतं. "बाई असं म्हणाली तर माणसानं काय म्हणायचं असतं, जोथम?"

जोथमनं विचार केला. "मला वाटलं, ती अट आहे."

"अट! मी काय वकील आहे? 'तू करशील का?' एवढं विचारायचं होतं. मी 'हो' म्हणणार होते. तू हत्यारं बांधत होतास, मला तुला थांबवायचं होतं, तोंडाला आलं ते बोलले. आणि तू म्हणालास, 'खरं आहे.'" तिनं एप्रनच्या टोकानं तोंड पुसलं, वाफेचं की कशाचं कोण जाणे. "पुढच्या ऑक्टोबरात मी बाक खिडकीशी मांडला. त्याच्या पुढच्याही मांडला. सासऱ्यालासुद्धा कळलं, त्या बहिऱ्याला! तो म्हणाला, आता उचल तो बाक, पोरी."

जोथमनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "आता?" तो म्हणाला.

"आता ओबेदला शब्द दिलाय. दोन हिवाळे त्यानं माझी चूल विझू दिली नाही. मी आपण होऊन त्याला नाही म्हणणार नाही." ती उठली. झारा उचलला, पण काहिलीत घातला नाही. "पण पुकारे संपायचेत. शेवटच्याला तू विचारशील, कुणाची हरकत आहे का म्हणून. कुणी उभं राहून बोललं, तर मलाही मग बोलता येईल. एवढंच सांगते. विचारल्यावर घाई करू नकोस."

"नाही करणार," जोथम म्हणाला.

आणि त्यानं तो शब्द पाळला. त्याचा सगळा घोटाळा तिथंच झाला.

खाली येऊन त्यानं कायद्याचं पुस्तक काढलं. हरकत म्हटली की तिला कारण लागतं आणि कारण कायद्यात बसावं लागतं. दोन वर्षं तो दुसरं काही शिकलाच नव्हता. पुस्तकात कारणं चार. दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात असणं. लोविनाच्या नवऱ्याला गावानं पुरलं होतं. ओबेदच्या बायकोचा मृत्यू त्यानं स्वतःच नोंदवला होता, स्वतःच्याच घोटीव अक्षरात. जवळचं नातं, हे दुसरं. दोन दिवस वही चाळून त्यानं टटल, क्रेन आणि लोविनाच्या माहेरची माणसं आजोबा-पणजोबांपर्यंत मागे नेली, कुठंच गाठ पडेना. कमी वय. ओबेद बावन्न वर्षांचा. शेवटचं कारण वेडाचं. त्यावर तो बराच वेळ बोट ठेवून बसला, पण ओबेद काही वेडा नव्हता.

पहिला पुकारा झाला, दुसरा झाला. नावं बिनचूक. रस संपत आला, ओढ्याकाठी बेडूक ओरडायला लागले. केझियानं त्याला पुन्हा पुस्तकाशी बघितलं आणि विचारलं, "काय शोधतोस रे?"

"काम आहे."

"गावचं की तुझं?"

त्यानं पान उलटलं. जेवायलाही उठला नाही.

शेवटच्या रविवारी दारं उघडी होती, आत ऊन आलं होतं. ओबेदनं नवा कोट घातला होता. जोथमनं पुकारा वाचला आणि विचारलं, "कुणाची काही हरकत आहे?"

आणि थांबला. एरवी कारकून इथं श्वास घेई तेवढाच थांबे. जोथम थांबून राहिला. बाकं करकरली. कुणीतरी खोकलं. पाद्रीबुवांनी घड्याळ काढलं, ठेवलं. पलीकडच्या बाकावर केझियाचे ओठ हलत होते, बोल, बोल. लोविनानं मान वर केली होती आणि तिचा चेहरा असा उघडा होता की त्याला बघवेना. तिचा हात धरून त्या खिडकीशी नेऊन बसवावं, जन्मभर उठू देऊ नये, एवढं त्याला हवं होतं. पण ते चार कारणांत कुठं बसतं? त्यानं पुन्हा एकदा चारही मनात मोजली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं.

"हरकत नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

पुढे लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. मोठं मन वगैरे काही नव्हतं. सरळ माणूस होता आणि सरळच्या सरळ भिंतीवर जाऊन आदळला.

सभा सुटल्यावर ओबेद गाडी आणायला गेला. लोविना पायरीवर उभी होती. जोथम वही काखेत धरून बाहेर आला.

"पुष्कळ वेळ थांबलास," ती म्हणाली.

"तू म्हणाली होतीस, घाई करू नकोस."

"काय शोधत होतास एवढा वेळ?"

"कारण. तीन आठवडे शोधतोय. पुस्तकात चार आहेत. एकही बसत नाही, लोविना. सगळं बघितलं मी. तुझ्या पणजोबांपर्यंत बघितलं."

ती आधी हसेल असं वाटलं. मग तिचे डोळे भरले. "पुस्तकात कशाला शोधलंस रे?" ती म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं. भट्टीपाशी ती काय म्हणाली आणि दारात उभी राहून दोन वर्षांपूर्वी काय म्हणाली, दोन्ही एकदमच कळलं. अजून दाखला दिला नव्हता. ती अजून समोर होती. "लोविना!" ओबेद गाडीवरून ओरडला, "चाक रुततंय!" तरी ती वळली नाही. ती वाट बघत होती, आणि तिला घाई नव्हती.

"मंगळवारी," जोथम म्हणाला, "दाखला तयार ठेवतो."

"ठेव," ती म्हणाली. घागरा दोन्ही हातांनी उचलून ती चिखलातून गाडीकडे गेली. ओबेदनं वाकून तिला वर घेतलं, पायांवर कांबळं घातलं. गाडी हलली, डोंगराच्या बाजूला लागली.

लोक पांगले. जोथम पायरीवरच उभा होता. गाडी वळणाआड गेली, मग तिचा आवाजही गेला.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला.

स्पष्ट म्हणाला, खणखणीत, एक अक्षर न चुकता. रस्ता मोकळा होता. मागे फक्त केझिया उभी होती. तिनं त्याच्या काखेतली वही काढून घेतली, त्याचा दंड धरला, आणि जन्मात पहिल्यांदा तिला त्याला काही टोचून बोलावंसं वाटलं नाही.